तारखेचं पॅकेज आणि दोन मांडव

मुकुंदने शनिवारी जे केलं ते शहाणा माणूस कधी करत नाही. नीट चालणाऱ्या गोष्टीला त्याने हात लावला.

दोन हजार चार सालचा मे महिना होता. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीसाठी तो प्रोग्रॅम लिहीत होता. कामं दोनच: पिशवीवरचं लेबल छापायचं आणि उगवण चाचणीची नोंदवही काढायची. मालक अण्णासाहेबांनी बजावलं होतं, सोमवारी अकराला दोन्ही चालवून दाखवा. चाललं तर पर्मनंट, नाहीतर औरंगाबादची पार्टी तयारच आहे. अंबडच्या कोर्टातली कारकुनी सोडून मुकुंद इथे आला होता, आणि बायकोने, उमाने, तो पर्मनंट झाल्याचं अख्ख्या गल्लीत आधीच सांगून टाकलं होतं. आता माघार कुठली?

शनिवारी नवा प्रिंटर आला. लेबल छापायचं काम काही मुकुंदने स्वतः लिहिलं नव्हतं. अशी कामं दुसऱ्यांनी लिहून ठेवलेली असतात, त्यांना पॅकेज म्हणतात, आणि आपण ती आयती आणून जोडतो. नव्या प्रिंटरला लेबलचं नवं पॅकेज लागलं. ते जोडलं तर त्याला तारखेचं पॅकेजही नवंच पाहिजे. तेही जोडलं. लेबल झकास निघालं आणि नोंदवही बंद पडली, कारण तिला तारखेचं जुनंच पॅकेज हवं. जुनं परत घातलं की लेबल रुसायचं.

रविवारी दुपारपर्यंत त्याने हा खेळ चौदा वेळा केला. नोंदवहीचंही नवं पॅकेज शोधलं, तर ते लिहिणाऱ्या बाबाने कधीच काम सोडून दिलेलं. इकडे आड, तिकडे विहीर. तेवढ्यात गोदाम सांभाळणारे कारभारीमामा चहा घेऊन आले, आणि दुसरं कुणी ऐकायला नव्हतं म्हणून मुकुंदने सगळं रडगाणं त्यांनाच ऐकवलं.

"म्हंजे जुनं आन नवं एका पंगतीत बसत न्हाई," मामा म्हणाले. "आमच्या तीर्थपुरीत मच्छिंद्र आन भुजंग तसेच. सख्खे चुलत, बांधावरून भांडलेले. एक आला की दुसरा ताटावरून उठतो. पुतणीच्या लग्नात चार दिवस समजूत घालून राह्यलो, काही उपयोग झाला न्हाई."

"मग कटवलं कोणाला?"

"कटवता कसं येईल? दोघं बी नवरीचे काकाच. दोन मांडव घातले. ह्याचा आचारी येगळा, त्याचा येगळा, पाण्याचा रांजण सुद्धा येगळा. नवरी दोन्हीकडं जाऊन पाया पडली. झालं बराबर."

मुकुंद कप तसाच ठेवून उठला. दोन दिवस तो वेड्यासारखा समेटच घडवत बसला होता. त्याने दोन फोल्डर केले, एकात लेबलचा सगळा गोतावळा, दुसऱ्यात नोंदवहीचा, तारीख ज्याची त्याला. चारच्या आत दोन्ही कामं चालू झाली. आता मामांच्याच पाया पडावं असं त्याला वाटलं.

सोमवारी अकराला लेबल निघालं, नोंदवही निघाली. अण्णासाहेब खूश झाले, पर्मनंटच्या ऑर्डरवर सही करायला पेनही काढलं. पण एखादी खोड काढल्याशिवाय उठेल तो मालक कसला? स्क्रीनवर तारखेचं पॅकेज त्यांना दोनदा दिसलं.

"हे डबल कामून? एक काढून टाका."

मुकुंदने माउसवरचा हात काढून घेतला. हे समजावायचं म्हटलं तर संध्याकाळ झाली असती. दारातून मामाच बोलले. "राहू द्या साहेब. एकाच घरचे हायेत, पण एका जागी नांदत न्हाईत. येगळे ठेवले तर दोघं बी कामाला येतात."

मुकुंदने मामांना हातानेच थांबवलं. कारण लाकडी पार्टिशनच्या पलीकडे अप्पाराव बसत, अण्णासाहेबांचे सख्खे धाकटे भाऊ, कंपनीचे निम्मे मालक. सहा वर्षं दोघांची दारं वेगळी, चहा वेगळा, आणि काही सांगायचं तर शिपायाच्या हाती चिठ्ठी. हा विषय कंपनीत कुणी तोंडातून काढत नसे. मामांच्या पाठोपाठ आपलीही नोकरी गेली, असं मुकुंदने धरूनच टाकलं.

अण्णासाहेबांनी पार्टिशनकडे एकदा बघितलं. मग त्यांनी सही केली, कागद मुकुंदच्या हातात दिला आणि आवाज खाली आणला.

"पलीकडं बी बसवून द्या हे. अप्पाचा तारखांचा लई घोळ होतो."

"त्यांना काय सांगू, कोणी पाठवलं?"

अण्णासाहेबांनी सवयीने चिठ्ठीचा कागद पुढे ओढला.

"चिठ्ठी नको लिहू, अण्णा," पलीकडून आवाज आला. "प्लायवूड हाय हे. सहा वर्षं समदं ऐकूनच राह्यलोय."