कौल देणारी गाडी

आमच्या नंदाखाल गावचे विनूकाका राऊत केळीचा घड उतरवण्याआधी गाडीला विचारतात. देवाला पाकळ्या लावून कौल घेणारी माणसं मी पाहिली आहेत, पण डॅशबोर्डवरून कौल घेणारा हा एकच.

पद्धत सोपी आहे. चावी अर्धी फिरवली की सगळे दिवे लागतात. "जागी झाली," काका म्हणतात. मग घरच्या बोलीत, 'सांग'चं 'हांग' करत, लेकीला विचारावं तसं, "हांग गो बाय, होय का नाय?" आणि इंजिन चालू. बाकीचे दिवे जातात. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा विझला तर होय, जळत राहिला तर नाय. त्यावर अपील नाही.

मी वसई पूर्वेला एका वर्कशॉपमध्ये नोकरी करतो. हा पिवळा दिवा म्हणजे काय, हे दिवसभर लोकांना समजावणं हे माझं पोटापाण्याचं काम. आणि माझ्याच कुंपणापलीकडे हा माणूस त्याच दिव्याला विचारून पाहुण्यांना बोलवायचं की नाही ते ठरवतो! मला राग यायचा. मी म्हणायचो, "काका, सेन्सर गेलाय. देव नाही आलेला." ते शांतपणे म्हणायचे, "तू शिकलेला हाय. तुला ती नाय बोलनार."

वाडीतल्या लोकांना मात्र ती बोलायची. शेजारच्या इनासची बायको कानातलं हरवलं म्हणून आली. विहिरीत आहे का, विचारलं, दिवा विझला. विहीर उपसली तर कानातलं निघालं, पण ते तिचं नव्हतं. ते तिच्या सासूचं होतं. सासू कधीच वारली होती आणि ते हरवल्याचं तिनं कुणाला सांगितलंही नव्हतं. इनास दर रविवारी चर्चहून येताना म्हणायचा, "मी असलं मानीत नाय." म्हणायचा, पण गाडीच्या पुढून न जाता वळसा घालून जायचा. एकदा नारळ पाडणारा झाडाखाली उभा होता. काकांनी विचारलं, दिवा जळत राहिला. "आज नाय चढायचं." तो वैतागून बिडी ओढत बसला, आणि वारा नसताना त्या माडाचा शेंडा त्याच्या समोर खाली आला. माझ्याकडे याचंही उत्तर होतं. भुंग्यानं पोखरला असणार. पण ते उत्तर देताना माझा आवाज जरा चढला होता, हे मला आठवतं.

गाडी मुळात काकांची नव्हतीच. ती त्यांच्या धाकट्या भावाची, वसंतकाकांची. एका दुपारी ते "जरा वारा खाऊन येतो" म्हणून राजोडीला समुद्रावर गेले. संध्याकाळी किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली गाडी सापडली. दार उघडं, इंजिन चालू, पिवळा दिवा लागलेला. माणूस नाही. समुद्रानंही काही परत दिलं नाही. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. त्यांची बायको, शकूकाकी, विनूकाकांच्याच घरात राहते. मंगळसूत्र घालते, कुंकू लावते, आणि गाडीला हात लावत नाही.

"त्याला शेवटचं कोनी बघितलं? हिनं," काका गाडीवर हात ठेवून म्हणाले होते. "मंग मी कोनाला विचारू?"

ते रोज दुपारी एकटेच राजोडीला जायचे. एकदा मी हट्टानं गाडीचे दोष वाचणारा स्कॅनर घेऊन सोबत गेलो. निघण्याआधी घरीच तपासलं. धुरात ऑक्सिजन किती उरला ते मोजणारे दोन सेन्सर असतात. दोन्ही जायच्या बेताला आले होते, आणि त्यांच्या जोडाच्या पिना खाऱ्या हवेनं हिरव्या पडल्या होत्या. म्हणजे दमट दिवशी दिवा लागणार, कोरड्या दिवशी विझणार. झालं तुमचं दैवत! मी पिना घासल्या, गाडीत साठलेले दोषांचे कोड पुसले. दिवा गेला. राजोडीपर्यंतही लागला नाही.

सुरूखाली काकांनी इंजिन बंद केलं. काचा वर घेतल्या. चावी अर्धी फिरवली आणि नुसते ओठ हलवले. इंजिन चालू झालं. दिवा जळत राहिला.

मी स्कॅनर लावला. त्यावर अक्षरं आली, 'दोष नाही'. पुन्हा लावला. दोष नाही. दिवा मात्र जळतच होता. बाहेर वारा पडला होता, तरी दाराशी वाळू सरकल्यासारखा आवाज येत होता. मी म्हटलं, "स्कॅनर बिघडला असेल." दुसऱ्या दिवशी त्याच स्कॅनरनं वर्कशॉपमधल्या सगळ्या गाड्या बिनचूक सांगितल्या.

यंदा पितृपंधरवडा जवळ आला तशी शकूकाकी एकदम म्हणाली, "भावजी, मला एकदा राजोडीला न्या. मीच विचारीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका गाडी घेऊन माझ्या वर्कशॉपच्या दारात. "दोनी सेन्सर नवे टाक."

"मग ती बोलायची नाही, काका."

"नको बोलूदे." ते बोनेटवर हात ठेवून उभे होते. "मी थंय राजोडीला रोज विचारतो, वसंता जिता हाय का. रोज नाय म्हनते. शकूला मी कधी हांगलं नाय. आता ती सोता विचारनार. तिला नाय म्हनाली तर ती कशी जगंल रे?"

मी सेन्सर बदलले. नवे जोड, नवी वायर. मी इतक्या काळजीनं आजवर कुणाचं काम केलेलं नाही.

त्या दुपारी आम्ही तिघं राजोडीला गेलो. मी मागे बसलो होतो. भरती होती, किनाऱ्यावर कुणी नव्हतं. सुरूखाली काकांनी गाडी बंद केली आणि काचा वर घेतल्या. आत समुद्राचा आवाज यायचा थांबला. चावी अर्धी फिरली, सगळे दिवे लागले. हे सेन्सर मी स्वतः बसवले आहेत, असं मी मनाला बजावत होतो.

काकीनं ओठ हलवले नाहीत. ती मोठ्यानं, स्वच्छ म्हणाली, "आता ह्यांचे दिवस घालू का?"

काकांचा हात चावीवर तसाच राहिला; आम्ही पक्कं केलेलं 'होय' आता उलटं पडणार होतं. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. ते चावी काढून घेऊ शकले असते. सगळं खरं सांगून टाकू शकले असते. पण काकी दिव्याकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, थकवा होता. काकांनी चावी फिरवली.

दिवा विझला.

"होय म्हणाली," काकी म्हणाली. मग पदरानं डोळे पुसले. "मला केव्हाच कळलं होतं, भावजी. मी तुमच्यासाठी थांबले होते. तुम्ही रोज आशेनं इकडे यायचात. मी कुंकू पुसलं असतं तर तुमचं काय झालं असतं?"

मला वाटलं, काका आता नव्या सेन्सरचं सांगतील. मला वाटलं, मीच सांगावं. शेवटी ते म्हणाले, "होय म्हनाली ना? मंग होय."

घरी येताना गाडी मी चालवली. काका आणि काकी दोघं मागे बसले. दिवस कुठे घालायचे, भटजी कोण, हे ती हळू आवाजात विचारत होती आणि ते तिला एकेक सांगत होते.