मामाची खुर्ची रिकामी दिसता कामा नये

रिकामी खुर्ची भरण्यात माझा हात धरणारा माणूस अजून जन्माला यायचाय! हे मी गर्वाने नाही, थकून सांगतोय.

नाटकं आणि संगीतिका यांचा वार्षिक पुरस्कार सोहळा टीव्हीवर थेट दाखवतात. आता कलावंत झाले तरी माणसंच. त्यांना भूक लागते, फोन येतात, आणि बक्षीस दुसऱ्याला मिळालं की अचानक डोकं दुखायला लागतं. ते उठतात. खुर्ची रिकामी होते. आणि कॅमेरा नेमकी तीच खुर्ची शोधतो, जशी सासू भाजीतला केस शोधते. म्हणून आमच्यासारखी माणसं ठेवतात. कुणी उठलं की भाड्याच्या सुटात धावायचं, त्या खुर्चीत बसायचं, मालक आला की उठायचं. यासाठी मी पदवी घेतली.

यंदा तर मी या खुर्चीभरूंचा मुकादम होतो आणि यंदाच माझ्या सख्ख्या मामाला नामांकन होतं. सर्वोत्कृष्ट सहाय्यक अभिनेता! मामा एका संगीतिकेत पहिल्या अंकात मरतो आणि दुसऱ्या अंकात भूत होऊन गातो. चेहऱ्यावर पांढरा रंग इतका, की मेकअपशिवाय त्याला कुणी ओळखत नाही. मेकअपमध्येही कुणी ओळखत नाही, नुसतं दचकतं.

मामीने निर्वाणीचं सांगितलं होतं. “यंदा टीव्हीवर तुम्हाला बक्षीस घेताना बघितलं, तर खुशाल नाटक करा. नाहीतर एक तारखेपासून माझ्या भावाच्या प्लायवूडच्या दुकानात बसायचं!”

“भाच्या, माझं काही खरं नाही,” मामा सभागृहाच्या दारातच म्हणाला.

“मामा, तू फक्त बस. खुर्चीचं मी बघतो.”

मी दोन नियम केले होते. पहिला माझ्या माणसांना: शेजारचे करतील ते करायचं आणि कशालाही नाही म्हणायचं नाही. दुसरा दारावरच्या रखवालदाराला: खुर्ची भरलेली असेल तर पुरस्कार चालू असताना कुणालाही आत सोडायचं नाही. “कितीही रडू दे,” मी म्हणालो, “अगदी मी सांगितलं तरी सोडायचं नाही!” या वाक्यावर मी स्वतःच खूश झालो होतो.

सोहळा दुपारी सुरू झाला आणि मग तो संपेचना! नेपथ्यकाराने आपल्या सुताराचे आभार मानले, सुताराच्या काकांचे मानले, मग लाकडाकडे वळला. ध्वनिसंयोजनाचं बक्षीस घेणाऱ्याचा माईकच बंद होता. त्याने काय सांगितलं ते देवाला माहीत, पण सांगितलं खूप. तेवढ्यात बाहेरून जेवणाचा वास आला. एकेक पाहुणा कमरेत वाकून सटकायला लागला. मी एकेक माणूस पेरत गेलो. संध्याकाळ झाली तेव्हा सभागृह गच्च भरलेलं होतं आणि त्यातले बरेचसे माझे होते. बाकीचे झोपले होते.

मामाचं वेगळंच! ताण आला की त्याला दर दहा मिनिटांनी जावं लागतं. तो असाच एकदा गेला.

कानातल्या यंत्रात सोहळ्याच्या संचालिका मॅडम शिट्टी अडकलेल्या कुकरसारख्या फुसफुसल्या, “तिसऱ्या रांगेत भोक पडलंय! बुजव!”

माझ्याकडे माणूसच उरला नव्हता. बाजूच्या दारात जेवणाच्या गाडीचा ड्रायव्हर उभा होता. चेकचा शर्ट, खिशात किल्ल्या.

“साहेब, रिकामी पातेली कधी न्यायची?”

“आधी इकडे या!” मी माझाच कोट त्याच्या अंगात कोंबला. “या खुर्चीत बसा. शेजारचे करतील ते करा. कशालाही नाही म्हणू नका.”

“बसायचं फक्त?”

“फक्त.”

“पंखा आहे का वर?” एवढं विचारून तो बसला.

इकडे पुढचा पुरस्कार देणारे पाहुणे जेवणाच्या रांगेत सापडले. मॅडमनी निर्णय घेतला. “सहाय्यक अभिनेता पुढे ओढा! आत्ता!”

माझ्या पायाखालची जमीन, गालिच्यासकट, सरकली. मी धावत बाहेर गेलो. दारावर मामा आणि रखवालदार समोरासमोर होते.

“अहो, मी उमेदवार आहे!”

“उमेदवार आत बसलाय. मी बघून आलो. तुमच्यापेक्षा तब्येतीने बरा आहे.”

“सोडा त्यांना, दादा!” मी ओरडलो.

रखवालदार माझ्याकडे मायेने बघून हसला. “साहेब, तुम्ही माझी परीक्षा घेताय. नाही सोडणार!”

“अहो, परीक्षा नाही, मी खरंच सांगतोय!”

“तुम्ही असंच सांगाल हेही तुम्हीच सांगितलं होतं.”

दारामागे टाळ्यांचा कडकडाट झाला. बाहेरच्या टीव्हीवर निवेदिका मामाचं नाव घेत होती. मामा जिंकला होता! तिसऱ्या रांगेतले शेजारी उठले, म्हणून ड्रायव्हर उठला. त्यांनी मिठी मारली, म्हणून त्यानेही मारली. त्यांनी त्याला मंचाकडे ढकललं. कशालाही नाही म्हणायचं नव्हतं! तो निघाला.

“तो कोण आहे?” मामाने कोरड्या आवाजात विचारलं.

“पातेली,” मी म्हणालो. मला एवढंच सुचलं.

ट्रॉफी हातात घेऊन ड्रायव्हर माईकसमोर उभा राहिला. वर पंखा आहे का ते बघितलं. मग म्हणाला, “मला बोलायची सवय नाही. मी कायम गाडीवर असतो.”

दौऱ्यावरचा कलावंत म्हणून सगळे हळहळले.

“दिवसभर मी लोकांचं जेवण पोचवतो. आणि घरी ती माझं ताट झाकून बसते. मी पोचेपर्यंत जेवत नाही. मी तिला कधी काही बोललो नाही. आज एवढी माणसं गप्प बसलीत, म्हणून बोलतो. अगं, तू जेवत जा.”

सभागृह उभं राहिलं! लोक ढसाढसा रडत होते. माझी माणसं शेजारचे रडतात म्हणून रडत होती, आणि शेजारीही माझेच होते. रखवालदाराने टोपी काढून डोळे पुसले, तरी दार सोडलं नाही. मामासुद्धा रडला. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

ड्रायव्हर बाजूच्या दाराने बाहेर आला. “साहेब, हे कुठे ठेवायचं? आणि पातेली?”

मॅडम धावत आल्या. मी सगळं कबूल केलं. त्यांनी मामाकडे पाहिलं, ट्रॉफीकडे पाहिलं. “वर्षातलं सगळ्यात चांगलं भाषण झालंय. आता चूक झाली म्हणून कुणी तोंड उघडलं तर याद राखा!” मग मामाच्या हातात ट्रॉफी ठेवून म्हणाल्या, “अभिनंदन. हळू बोलतेय.”

मी मामाला घरी सोडायला गेलो. मामीने दार उघडलं. डोळे लाल.

“अगं, तो मी नव्हतो,” मामा घाईघाईने म्हणाला, “पण बक्षीस माझंच आहे. हे बघ, खाली नाव कोरलंय!”

“तुम्ही नव्हता ते चेहरा न बघताच कळलं,” मामी म्हणाली. “बायकोचा विषय निघाला ना!”

“मग... दुकान?”

“दुकानाचं बघू नंतर. आधी सांगा, त्यांचं पुढचं नाटक कधी आहे? मला पुढच्या रांगेतलं तिकीट पाहिजे.”

मामाने ट्रॉफी टीव्हीवर ठेवायचा प्रयत्न केला. टीव्ही चपटा होता. ती मी झेलली.

पुढचं सांगायला मला जरा संकोच वाटतो. मामाच्या संगीतिकेच्या तिकीटखिडकीवर सगळे “ते बायकोवाले” कधी आहेत म्हणून विचारायला लागले. निर्मात्याने भुताची भूमिका ड्रायव्हरला दिली. मामी तर म्हणाली, “ते असतील त्या नाटकात तुम्ही कितीही वर्षं राहा, माझी हरकत नाही.” म्हणून मामा स्वतः त्याला शिकवायला बसला. पण ड्रायव्हर पहिल्या अंकात मरायलाच तयार होईना!

“अरे, खोटं मरायचंय!”

“नको साहेब. तिच्या कानावर गेलं तर ती जेवायची नाही.”

शेवटी निर्मात्याने तो मृत्यूच काढून टाकला. कुणी मरत नाही म्हटल्यावर भूत नाही, आणि भूत नाही म्हटल्यावर गाणं नाही. मामाकडे सध्या पडदा ओढायचं काम आहे.

पण दुकानात नाही हं! नाटकातच आहे.