छातीवरचा लाल ठिपका

नऊ वाजता दार उघडलं आणि नऊ वाजून एका मिनिटानं पहिलाच पाहुणा आडवा झाला.

तल्सा शहरातल्या त्या अवाढव्य सभागृहात बंदूकवाल्यांचं वार्षिक संमेलन भरलं होतं. दाराशी डेल्फीन क्राउच बसली होती. एरवी ती किराणा दुकानात गल्ल्यावर असते. तीन दिवसांपुरतं तिला इथं पास तपासायला बोलावलं होतं. तिच्या हातातलं तपासायचं यंत्र थेट पिस्तुलाच्या घाटाचं. तिनं ते उचललं, पाहुण्याच्या गळ्यातल्या पासवर रोखलं आणि चाप ओढला. पासच्या जरा वर, ऐन छातीवर, लाल ठिपका उमटला. रुंद टोपी घातलेला सहा फुटी बॉइड हॅगर्टी त्या ठिपक्याकडे एकदाच बघता झाला आणि तोडलेल्या झाडासारखा गालिच्यावर गेला. मागची चाळीस माणसं सटकन दोन्ही बाजूंना सरली. ओरडा नाही, ढकलाढकली नाही. कुणाच्या हातातली कॉफीसुद्धा सांडली नाही.

दाराच्या दुसऱ्या अंगाला लॉनी बर्डवेल उभा होता. वय चौऱ्याहत्तर, अंगात लाल बंडी. लोकांनी बरोबर आणलेली बंदूक रिकामी आहे ना ते बघायचं आणि कुणाची नळी कुणाकडे वळू द्यायची नाही, हे काम तो एकतीस वर्षं करत आला होता. पण व्यवस्थापक मार्लीन स्टॉकवेल बाईंनी आज सकाळीच त्याला बजावलं होतं, "मागच्या वर्षी एका छत्रीपायी तुम्ही पाऊण तास दार अडवलंत. यंदा रांग एकदा जरी थांबली, तरी बंडी काढून माझ्या हातात द्यायची."

म्हणून आज काही झालं तरी गप्प राहायचं, असं लॉनीनं प्रार्थनेत देवाला कबूल केलं होतं. तो त्याच्या चर्चचा डीकन, म्हणजे सेवेकरी; इथंही सगळे त्याला डीकनच म्हणत. पण डेल्फीनचं बोट अजून चापावरच होतं.

"ताई," तो हळूच म्हणाला, "ते खाली घ्या."

"अहो, हे किंमत वाचायचं यंत्र आहे! वीस वर्षं मी हे बटाट्यांवर रोखतेय. एकही मेला नाही."

"बटाट्यांना घरी वाट बघणारं कुणी नसतं, ताई."

"माझ्या घरी असतं हो!" खालून बॉइड म्हणाला. "आता उठू का?"

"मग मी पास वाचू कसा?" डेल्फीननं विचारलं. "काढून टेबलावर ठेवा म्हणावं, तर तुमच्या बाईंचा हुकूम आहे, पास अंगावरच हवा."

लॉनी विचारात पडला. नळी जमिनीकडे हवी आणि पास अंगावर हवा. माणसाच्या अंगाचा जमिनीजवळचा भाग एकच. बॉइडनं पडल्यापडल्याच गळ्यातली फीत काढली, घोट्याला बांधली आणि उठून पाय पुढे केला. डेल्फीननं यंत्र जमिनीकडे धरलं. टूं झालं. बॉइड आत गेला.

पुढचे दोघे तसेच गेले. तिसरा मात्र पोटानं भरभक्कम होता. वाकल्यावर त्याचे हात गुडघ्यांशीच संपत. त्याच्या मागे ऑक्सिजनची नळी लावलेल्या एक आजी, त्यांच्यामागे कुबडीवाला सैनिक. रांग थांबली.

"मागे काय म्हणतायत बघा," डेल्फीन कुजबुजली. "तुमची बंडी गेली, डीकन."

पुढे काय चाललंय हे मागच्यांना सांगणं लॉनीला भागच होतं. तो खुर्चीवर चढला. दर रविवारी चर्चमध्ये पास्टर उपदेश गाऊ लागले की लॉनी पहिल्या बाकावर डोळे मिटून डुलायचा. आता बोलायला तोंड उघडलं आणि आवाज आपोआप त्याच चालीवर गेला.

"ज्याला मारायचं नाही..."

"त्याच्यावर रोखायचं नाही!" शंभर कंठांनी पालुपद उचललं. बंदूक हाताळायचे हे नियम सगळ्यांना लहानपणापासून पाठ होते.

"बोट कुठं, बंधूंनो?"

"चापाबाहेर!"

"आणि रिकामी आहे असं कोण म्हणतो?"

"सगळेच म्हणतात!" मागून एका बाईचा आवाज आला आणि सगळी रांग हसली. "आमेन!"

मग जे घडलं ते बघून लॉनी खुर्चीवरच थिजला. कमरेला पिस्तुलाचं रिकामं म्यान लावलेला एक दांडगा दाढीवाला वळला आणि आजींसमोर गुडघ्यावर बसला. "पाय द्या, आजी." त्यानं जपून फीत बांधली. त्याच्यासमोर दुसरा बसला, दुसऱ्यासमोर तिसरा. दारातून बाहेर, गाड्यांच्या तळापलीकडे, पार हमरस्त्यापर्यंत हजारो माणसं ओळख ना पाळख, एकमेकांच्या पायांशी वाकलेली. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले ते लॉनीनं शेकडो वेळा ऐकलं होतं. पण इतकी हत्यारबंद माणसं एका वेळी गुडघ्यावर आलेली त्यानं कधी पाहिली नव्हती. त्याचे डोळे भरून आले.

तेवढ्यात स्टॉकवेल बाई आल्या.

"मिस्टर बर्डवेल! रांग हमरस्त्याला लागलीय! पोलिसांचा फोन आलाय मला!" त्यांनी हात ताठ केला आणि बोट लॉनीवर रोखलं. "उतरवा ती बंडी!"

लॉनीनं खुर्चीवरून उतरून बंडीचं पहिलं बटण सोडलं. पण बाईंचं लक्ष त्याच्याकडे नव्हतं. लॉनीच्या पाठीमागे, त्यांच्या बोटाच्या रेषेत, रांग उभी दुभंगत चालली होती. दारातले सरले, पायरीवरचे सरले, तळावरचे सरले. बायबलात तांबडा समुद्र दुभंगला तशी कोरडी वाट थेट रस्त्यापर्यंत उघडली. बाईंनी घाबरून बोट डावीकडे नेलं, तशी डावी बाजू आजींना उचलून मागे झाली. उजवीकडे नेलं, तर सैनिक कुबडीसकट खाली बसला.

"हे काय चाललंय?" बाई पुटपुटल्या.

"बाई," डेल्फीन म्हणाली, "बोट खाली घ्या. लोकांना घरं आहेत."

बाईंनी बोट गालिच्याकडे केलं. रांग आवाज न करता पुन्हा जुळली. एक माणूस इकडचा तिकडे झाला नव्हता. जो जिथं होता तिथंच परत उभा. गेली बारा वर्षं बाई गर्दी आवरायच्या धंद्यात होत्या, पण अशी गर्दी त्यांना कुणी दाखवली नव्हती.

"एका फितीला किती वेळ लागतो?" त्यांनी विचारलं.

"चार सेकंद," लॉनी म्हणाला. "एकमेकांची बांधली तर. स्वतःची बांधायला गेलं तर चाळीस."

"मग फाटकापासूनच बांधून यायला सांगा." बाईंनी नजर गालिच्यावरच ठेवली. "आणि ते बटण लावा. उद्या आठला या. ते गाणं आठपासूनच सुरू करा, आणि तुमची ती खुर्ची..."

खुर्ची कुठं ठेवायची ते दाखवायला त्यांचा हात पुन्हा वर येऊ लागला. दारापासून हमरस्त्यापर्यंत सगळी रांग श्वास रोखून किंचित झुकली.

बाईंनी हात खिशात घातला आणि हनुवटीनं कोपरा दाखवला.