तात्यांचा हात आणि मडमेचा घेवडा

"अगं बायांनो, हात तोडीन! ते पानी वतू नका!"

चर्चच्या मागं, प्रीतिभोजनाच्या चुलीपाशी याकोबतात्या ओरडले आणि कोल्हारचे कावळे जे उठले, ते थेट बेलापूरला जाऊन बसले. शिजल्या घेवड्याचं पातेलं निथळवायला निघालेल्या दोघी बाया बायबलातल्या लोटाच्या बायकोसारख्या जागीच मिठाचे खांब झाल्या.

तात्या मिशनच्या बंगल्यावर खानसामा होते. लढाई पेटली नि मडम मायदेशी गेली. जाताना तात्यांना मूठभर बी देऊन गेली. बाकला म्हणतात त्याला. आम्ही म्हणायचो मडमेचा घेवडा. दाणा असा, की दोन खाल्ले तर तिसरा उचलायला गडी लावावा!

तात्यांच्या बायकोला, रूथमावशींना, कंपवात होता. एका हिवाळ्यात हा घेवडा खाऊन त्यांनी कपभर चहा न सांडता प्याला, आणि तात्यांना साक्षात्कार झाला. मग काय! परसात घेवडा, कुंपणावर घेवडा, कबरस्तानाच्या बांधावरही घेवडा. "कवळी शेंग, सालासकट शिजवा! पानी पिऊन टाका, गुन पान्यात उतरतोय!" सगळ्या आळीला वाटी पोचायची. तात्या दिसले की आमचं मांजरसुद्धा मागल्या दारानं पसार.

पण गुण काही रोज येत नसे. हात कापू लागला की मावशी चारचौघांत खायला लाजायच्या, ताट सारून उठू बघायच्या. आणि नवल बघा, पुढं तात्यांचाही हात कापू लागला! मावशींनी कप उचलला, की इकडं तात्यांचा रेशनच्या साखरेचा चहा धोतरावर.

"आमचं सगळं जोडीनं," म्हणून तात्याच आधी हसायचे. मग मावशीही हसायच्या, बसायच्या, पोटभर जेवायच्या. त्या प्रीतिभोजनात तर तात्यांनी इतका चहा सांडला, की प्रवरेला पूर आल्यासारखी माणसं पाय वर घेऊन बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांची वाटी परत द्यायला गेलो. तात्या ओट्यावर पाठमोरे बसून मावशींच्या चोळीला बटण लावत होते. दोरा तोडला, नवा घेतला, सुईच्या नेढ्यात पहिल्या झटक्यात आरपार! हात कसा, दगडात कोरलेला.

मी पाऊल न वाजवता मागं वळलो. परसात मावशी शेंगा मोडत होत्या. न राहवून कुजबुजलो, "मावशी, तात्यांचा हात तर ठणठणीत आहे!"

मावशींनी मान वर केली नाही.

"ठावं हाय. रोज वस्तऱ्यानं दाढी करत्यात. एक चरा न्हाई."