उलट्या आट्यांचा निरोप समारंभ

लोणंदच्या इसाक मिस्त्रींच्या वर्कशॉपमध्ये चैत्रातल्या एका मंगळवारी ट्रॅक्टरच्या टाय-रॉडवरचे आटे सेवानिवृत्त झाले. रॉड त्या वेळी लेथवर बांधलेला होता. आट्यांनी रीतसर कळवलं, की चव्वेचाळीस वर्षं सेवा झाली, आता पकड राहिली नाही. आणि दहा मिनिटांत रॉडचं ते टोक अगदी गुळगुळीत झालं.

मिस्त्रींना फारसं नवल वाटलं नाही. जुन्या मालाचे आटे कधी ना कधी जातातच. त्यांचे स्वतःचे गुडघेसुद्धा आताशा सैल झाले होते आणि महिनाअखेर लेथ विकून घरी बसावं, असं त्यांनी जवळजवळ ठरवलं होतं.

टाय-रॉड म्हणजे पुढची दोन चाकं एका रेषेत धरणारी दांडी. तिच्या एका टोकाला सुलटे आटे असतात आणि दुसऱ्या टोकाला उलटे, म्हणजे सगळं जग ज्या दिशेने आवळतं त्या दिशेने सैल होणारे. गेले होते ते उलटे. मिस्त्रींनी टोकावर वेल्डिंगची भराई केली, लेथवर मापात आणली आणि नवे आटे पाडले. नव्यांनी मात्र रुजू व्हायला नकार दिला. जुन्यांचा निरोप समारंभ झाल्याशिवाय पदभार घेता येत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. नट चढवला की गरागरा फिरायचा आणि गळून पडायचा.

मिस्त्रींनी विचारलं, की गेलेल्यांना आता आणायचं कुठून? तेव्हा लेथखालच्या लोखंडाच्या किसातून जुने आटे म्हणाले, "आम्ही इथेच आहोत. घाई नाही."

घाई गोजराबाई ढमाळांना होती. ट्रॅक्टर त्यांचा. चार वाजता भंगारवाला येणार होता. तोवर रॉड बसला नाही तर गाडी त्याला द्यायची, असं पुण्याच्या मुलाने फोनवर बजावलं होतं. मालक गेल्यापासून ती गाडी गोजराबाई स्वतः चालवत होत्या आणि तिच्याशिवाय घरात बोलायला दुसरं कुणी नव्हतं. निरोप समारंभ म्हटल्यावर त्या शाल आणि नारळ घेऊनच आल्या.

किसावर शाल घातली, नारळ ठेवला, हात जोडले. मग त्या मनापासून बोलल्या: आटे गुणाचे, आटे इमानी, त्यांचे उपकार फिटायचे नाहीत. मिस्त्रींनी पुन्हा चढवलेला नट दर वाक्याला एकेक फेरा मागे येत होता. तिसऱ्या उपकाराला तो जमिनीवर पडला.

घड्याळात साडेतीन झाले होते. मिस्त्रींनी नट उचलला, पुसला, पुन्हा टोकावर धरला आणि मग त्यांनी कपाळावर हात मारला.

"आक्का, आटे उलटे आहेत. त्यांना उलटं बोला."

गोजराबाईंनी पदर खोचला.

"मेल्यांनो," त्या म्हणाल्या, "पोटुशी होते तेव्हा भर पावसात दवाखान्यात नेलंत मला. कुणी सांगितलं होतं?"

नट आपसूक एक फेरा आत गेला.

"मालक गेल्यावर हाकायला येत नव्हतं, वाट्टेल तशी दामटली मी. एकदा तरी चाक सोडायचं होतंत. नाही सोडलंत. पोरं शिकवलीत, पुण्याला धाडलीत आणि घर रिकामं केलंत माझं. जावा आता. तोंड बघायची नाही मी तुमचं."

नट करकरला आणि जागच्या जागी बसला. मिस्त्रींनी पान्याला सगळा जोर लावून पाहिला, नट तसूभर हलला नाही. किसातून "येतो आम्ही" असं ऐकू आलं, त्यानंतर काही नाही.

चारला दहा कमी असताना रॉड गाडीवर चढला. भंगारवाला आला, चहा प्यायला आणि रिकामा परत गेला.

गोजराबाई सीटवर बसल्या. गाडी सुरू करून त्यांनी मिस्त्रींकडे बराच वेळ पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

"इसाक, तुला काडीचं काम येत नाही. पुन्हा तुझ्या दारात पाय ठेवायची नाही मी."

मिस्त्रींनी मान खाली घातली. आयुष्यात इतकं सुख त्यांना क्वचितच झालं होतं. उजव्या गुडघ्यातून अर्धा फेरा आवळल्याचा बारीक आवाज आला, मागोमाग डाव्यातून.

बुधवारी लेथ विकायचं विसरून त्यांनी वर्कशॉप आठ वाजता उघडलं.