चहाचा भोंगा

नंदकुमारचा प्रोग्राम चालला, तर महाप्याच्या कंपनीत तो कायम होणार होता. नाहीतर सोमवारपासून घरी. काम कसलं, तर नावड्याजवळच्या ताजुद्दीनशेठच्या कारखान्याचा भोंगा कॉम्प्युटरनं वाजवायचा! साल शहाण्णव. कॉम्प्युटरच्या खोलीत जाताना शेठ स्वतः चपला बाहेर काढत.

कारखान्याचा कायदा सोपा होता. एक भोंगा म्हणजे सुट्टी, तीन म्हणजे चहा. नंदकुमारनं भोंग्याचं फंक्शन मोठ्या ऐटीत लिहिलं होतं. त्याला दोन आकडे द्यायचे, आधी किती सेकंद, मग किती वेळा. पण सक्ती नाही हं! काहीच दिलं नाही, तर आपलं नेहमीचं, पाच सेकंद, एकदा. चहाला भोंगा तीनदा हवा होता. सेकंद नेहमीचेच, मग उगाच कशाला सांगा, म्हणून गड्यानं नुसता तीन लिहिला.

दहा वाजले. भोंगा तीन सेकंद वाजला आणि गप्प झाला. एकदाच! अन् काय सांगावं, दीडशे माणसं डबे उचलून फाटकाबाहेर!

"अरे, हे काय केलंस?" शेठ ओरडले. "दहाला सुट्टी? आज माल निघाला नाय, तर तुझ्या सायबाला फोन लावतो!"

नंदकुमार कॉम्प्युटरपुढे जाऊन बसला. तीन लिहिलंय, मग एकदाच का? प्रोग्राम दहादा वाचूनही त्याला चूक सापडेना. निदान शेठना शांत करावं म्हणून तो कँटीनच्या खिडकीशी गेला. शेठ, मॅनेजर आणि आपण.

"यशोदाबाई, तीन."

यशोदाबाईंनी एकच कप पुढे सरकवला. त्यानं घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अहो, हा चहा आहे की पाक? आणि बाकीचे दोन?"

"कुठले दोन? पैला आकडा साखरंचा, दुसरा कपांचा. काई नाय बोललास तं दोन चमचे, एक कप. तू तीन बोललास, तीन चमचे घातले. कप जास्ती पायजेत तं आदी साखर बोलाची. मधीच उडी मारशील तं मना कसा समजंल?"

नंदकुमार बघतच राहिला. जाडजूड पुस्तकं पालथी घालून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते या बाईनं उभ्या उभ्या शिकवलं होतं!

"यशोदाबाई, पाय कुठं आहेत तुमचे?" म्हणत तो धावला आणि तीनच्या आधी पाच लिहिला.

तीन भोंगे दणाणले. फाटकाबाहेर बसची वाट बघणारे दीडशे जण मागं वळले. चहा कोण सोडतो!

नंदकुमार कँटीनपाशी परतला, मागोमाग शेठ आले ते हसतच. "शाब्बास! कसं सापडलं रे?"

फुशारकी मारता आली असती, पण नंदकुमारनं सरळ यशोदाबाईंचं नाव घेतलं, आकड्यांचा नियमही सांगितला. शेठनी काम पसंत असल्याच्या कागदावर सही ठोकली. मग पेन तसंच धरून थांबले.

"म्हणजे आठ वर्षं पाहुणे आले की मी 'चार' सांगतो, आणि एकच कप येतो, तो यामुळं? मला वाटायचं, कँटीनमधे कपच कमी हायत. पाहुणे मला कंजूष समजून गेले असतील ना!"

"तं काय!" यशोदाबाई म्हणाल्या. "मी पन तेच समजत व्हते, शेठ."