थोरले चौकाचे तळाची हकीकत

श्री. जो धरणी डोईवर धरून खाली बैसला आणि ज्यास कोणी पाहिला नाही, त्या शेषास आधी नमन, आणि मग वरती मिरवणारांस. आज्ञा जाहली की थोरले चौकाचे तळाचा मजकूर लिहोन पाठविणे, कोणाची भीड धरू नये. त्यास जैसे घडले तैसे लिहितो. राज्याचे नाव लिहावयाची आज्ञा नाही म्हणोन लिहिले नाही. वाचणारांनी आपले म्हणावे अथवा शेजारचे म्हणावे, ज्यास जे सोसेल ते.

शके सोळाशे बारा, प्रमोदनाम संवत्सरे, चैत्रमासी महाराजांचे मनात आले की राजवाड्यापुढील थोरला चौक धुळीने भरतो, परमुलखीचे वकील शिंकत शिंकत मुजरा करितात, हे शोभत नाही, तरी फरसबंदी करावी. आणि दिवाण गोंदोपंत यांस आज्ञा केली. गोंदोपंत माणूस सचोटीचे, खोटे बोलणे नाही, लाच खाणे नाही, पण एकदा बोलिले की बोलिले, मग ब्रह्मदेव खाली उतरला तरी शब्द फिरणे नाही. त्या राज्यात काळी जमीन उत्तम, आणि लोक परगावी गेले म्हणजे तेथे आपली मुलेबाळे सांगत नसत, आपली माती सांगत. म्हणोन पंत बोलिले की महाराजांचे पायाखाली उणे काही नसावे, फरशीखाली खाशा मळ्याची काळी घालावी. मग चाळीस गाड्या काळी वाजतगाजत आणिली, तीस हळदकुंकू वाहिले, आणि तिमाप्पा म्हणोन दगडमातीचे कामातला नामांकित मुकादम, त्याने ती पसरली आणि चोपली आणि वरती फरशी लाविली. चौक ऐसा साधला की दुधाने काठोकाठ भरलेली वाटी ठेविली तर थेंब सांडेना.

मग पाऊसकाळ होऊन गेला. काळीचा स्वभाव त्या राज्यात पोरासोरांस ठाऊक, ओली होते तेव्हा फुगते आणि वाळते तेव्हा भेगाळते. पण फरशीखाली गेली म्हणोन काळी आपला स्वभाव सोडील काय, हे कोणी मनास आणिले नाही. दसऱ्याचे दरबारी महाराज पायउतार होऊन चालत असता वर आलेल्या फरशीस अंगठा लागला, महाराज सावरले, परंतु डोईचे पागोटे सुटोन गडगडत गेले ते उत्तरेकडील वकिलाचे पायाशी थांबले. वकिलाने अदबीने उचलोन दिले आणि आपले घरी लिहिले की येथील राजाने भरदरबारी पागोटे आमचे पायावर ठेविले, शरण आला. त्या एका वाक्यापायी तीन वर्षे खलिते गेले आणि आले आणि दोन परगणे हातचे गेले. महाराजांस राग अनावर जाहला. तिमाप्पाचे पायी बेडी घालोन त्यास गडावर दगड फोडण्यास धाडिले आणि मुदत काही सांगितली नाही. चौकावर गालिचे टाकिले. मग दुसरा मुकादम आला, त्याने फरश्या उचलोन वाळू भरली आणि पुन्हा लाविल्या, आणि तिसरा आला त्याने आणिक वाळू भरली, आणि दर सालास चौक आपला उचललेला तो उचललेलाच.

तिमाप्पास एक वडील बहीण, होनव्वा नाव. आईबाप लहानपणी गेले, तेव्हा या बाईने त्यास वाढविले, माती चोपण्याची धुमस धरावयास शिकविले, भाकरी मोडोन अर्धी आपण खाल्ली आणि अर्धी त्यास दिली. खरे विचाराल तर अर्धीहून जास्तच त्यास दिली. बाई हाडापेराने मोठी, बोलणे थोडके आणि तेही सुनवावे ऐसे. भाऊ गडावर गेला त्या दिवसापासोन तिचे एकच म्हणणे की, "माझा तिमा न्हाई म्हणाला असंल. काळी घालू नगा म्हणाला असंल. त्याचं कुणी ऐकलं न्हाई." लोक हो हो म्हणत आणि निघोन जात.

शके सोळाशे सोळा, भावनाम संवत्सरे, माघमासी बाई आपण होऊन हुजूर आली आणि मुजरा करोन म्हणाली की चौक मी करते. महाराज हसले, पण गालिच्यांस आता कसर लागली होती, म्हणोन विचारिले, "काय काय पाहिजे?" बाई म्हणाली, "आधी मलाच विचारायचं हाय. ह्या चौकावरनं चालणार काय काय? नुसती माणसं चालत असली तर तळ येगळा, गाड्या येत असल्या तर येगळा, आन हत्ती येत असला तर सगळंच येगळं." हा प्रश्न त्या राज्यात यापूर्वी कोणी केला नव्हता. महाराज बोलिले, "हत्ती येतो."

मग बाईने फरश्या उचलण्याची परवानगी घेतली आणि जागोजाग दोन हात खणोन पाहिले. जेथे फरशी वर आली तेथे खाली काळी. जेथे खचली तेथेही काळी. पूर्वेचे कोपऱ्यात मात्र चाळीस गाड्या काळी कमी पडली होती, तेथे गावचा जुना तांबडा मुरूम तसाच राहिला होता, आणि वरच्या फरश्या चार साल पाण्यात भिजोन जैशा होत्या तैशा. गोंदोपंत म्हणाले, "कोपऱ्यात चालतो कोण? म्हणून सपाट राहिला." बाई म्हणाली, "पंत, तिथं हत्ती बांधत्यात." पंतांनी कोपऱ्याकडे पाहिले, खुंटा पाहिला, लीद पाहिली, आणि उपरणे सावरले.

महाराजांनी ते मनास आणिले आणि बोलिले, "चौक तू कर. पुरा झाला म्हणजे नऊ दिवस पखालींनी पाणी ओतू, दोन आठवडे उन्हात वाळवू, मग हत्ती चालवू. एकही फरशी हलली नाही तर तुझा भाऊ सुटेल. हलली तर तूही त्याचेजवळ." बाई म्हणाली, "व्हय." पण रात्रभर तीस झोप नव्हती हे तिची शेजारीण सांगते.

मग कामास लागली. दुसरे दिवशी पाहते तो वाजतगाजत काळीच्या गाड्या वेशीत हजर! पंतांचा शब्द फिरला नव्हता. पंत म्हणाले, "मागचे खेपेस चोपणे कमी पडले असेल. माती तीच राहील. या राज्याची माती हलकी ठरली तर आमचे राहिले काय?" बाईने गाडीतली मूठभर काळी हातात घेतली, चुरून पाहिली, आणि खरेच बोलली, "लई चांगली माती हाय, पंत. म्हणून तर हिला पिकाखाली ठेवा. पायाखाली मुरूमच बरा, त्याला कशाचं सोयरसुतक न्हाई, भिजला काय आन वाळला काय." पंत ऐकेनात. मग बाई गाड्यांपुढे आडवी उभी राहिली, आणि जे वाजंत्री होते ते वाजवावे की थांबावे या विचारात पडले. अखेर महाराजांनी गवाक्षातून हात हलविला आणि काळी राणीसाहेबांचे बागेत गेली, आणि त्या साली वांगी ऐसी आली की काय सांगावे. पंत मात्र बाईशी त्या दिवसापासोन बोलेनात.

बाईने चौक कंबरेइतका खणविला आणि काळी खरडोन काढिली, कोठे ढेकूळ म्हणोन राहू नये ऐसी. तळास ढाळ दिला, पाणी मोरीकडे जावे इतका. मग मुरूम चार बोटे घालावा, पाणी शिंपावे आणि धुमशीने चोपावा, पुन्हा चार बोटे घालावा आणि पुन्हा चोपावा. माणसे म्हणत, एकदाच हातभर टाकू आणि चोपू, तर बाई म्हणे की वरची साय घट्ट होते, खाली सगळं पोकळच. धुमशीचा आवाज ऐकोन तीस कळे, भद आवाज आला की "आजून," आणि ठण आवाज आला की "पुढं." मुरूम भरला, त्यावर खडी, लहान मोठी मिसळ केलेली, एकमेकीत रुतोन बसावी ऐसी, आणि तीही चोपिली. चारी कडांस उभे दगड गाडिले, की फरश्या बाजूस सरकू नयेत. पंतांचा कारकून रोज सांजवेळी येऊन विचारी, "आज किती फरश्या लागल्या?" आणि बाई रोज सांगे, "एकबी न्हाई," आणि कारकून तैसे लिहोन नेई. ऐसे पंचेचाळीस दिवस गेले. नगरात बोलवा जाहली की होनव्वा महाराजांचे अंगणात विहीर काढते आहे.

खडीवर बाईने फरशी लावण्याआधीच हत्ती फिरविला. एके ठिकाणी टोपलीभर खळगा पडला. दोन बोटे वाळू तर घालायचीच होती, तेव्हा तिचेच माणूस म्हणाले, "अक्का, हितं चार बोटं टाकू, झाकून जाईल. कुणाला दिसतंय?" बाईने त्याजकडे ऐसे पाहिले की तो फावडे शोधू लागला. ते ठिकाण तळापर्यंत उकरिले. खाली एका ढेकळाइतकी काळी राहिली होती. ती काढिली, मुरूम भरला, चोपिला. त्या एका ढेकळापायी दोन दिवस गेले आणि बाईचा जीव टांगणीस लागला, कारण जे एक राहिले ते दुसरेही राहिले असेल. मग सगळा चौक तिने अनवाणी पायांनी चालोन पाहिला, हातभर जागाही सोडली नाही. आणि मग चाळलेली जाड वाळू दोन बोटे पसरोन फळीने सारखी केली आणि फरश्या लाविल्या, त्या आठ दिवसांत लागल्या. कारकुनाचा हात दुखो लागला.

नऊ दिवस पखाली ओतिल्या. दोन आठवडे उन्हात वाळविला. हत्ती चालविला, जाऊन आला आणि पुन्हा गेला. महाराज स्वतः खाली उतरले आणि पाऊल घासत घासत चौकाचे या टोकापासोन त्या टोकास गेले, आणि अंगठा कोठे लागला नाही. भरदरबारी महाराज बोलिले की तिमाप्पास सोडावे, दोष पंतांचा, आणि दिवाणगिरीचा शिक्का पंतांकडून काढोन घेतला. पंतांनी शिक्का दिला आणि वाकले. बाई त्या दिवशी आनंदाने रडली. चारचौघांत रडली आणि डोळे पुसले नाहीत.

चौथे दिवशी तिमाप्पा गडावरून आला. बाई चौकातच उभी होती. बेडी काढिली होती तरी तो उजवा पाय ओढीत होता. त्याने बहिणीचे पायावर डोके ठेविले, मग वाकोन फरशीवर बोटाचे पेर वाजवून पाहिले आणि विचारिले, "खाली मुरूम?" बाई म्हणाली, "मुरूम. तू बी तेच सांगितलं असशील. न्हाई म्हणाला असशील, तुझं कुणी ऐकलं न्हाई." तिमाप्पाने बोट फरशीवरून काढिले. मग म्हणाला, "अक्का, मी न्हाई म्हणालोच न्हाई."

बाई म्हणाली, "ठावं नव्हतं तुला?" तो म्हणाला, "ठावं हुतं. तूच शिकवलंस की. पंतांनी सगळ्या दरबारात जवळ बसवलं, आपल्या हातानं विडा दिला. म्हणाले, तिमाप्पा, काळीच ना? तोंडात विडा हुता, अक्का. आपल्यातल्या कुणाला तवर तिथं कुणी बसवलं नव्हतं. मी मान हलवली." बाई खाली फरशीवर बसली. चार साल जे एक वाक्य दारोदार सांगितले ते असे निघाले, आणि ते आपण मनानेच रचिले होते हे तीस कळले. मग विचारिले, "हे महाराजांपाशी बोललास?" तो म्हणाला, "न्हाई." बाई म्हणाली, "पंतांचा शिक्का गेला, ठावं हाय तुला?" तो म्हणाला, "हाय." मग बाई उठली आणि म्हणाली, "चल."

तो म्हणाला, "पुन्हा बेडी घालतील." बाई म्हणाली, "घालतील." आणि त्याचा हात धरोन आत नेले.

तिमाप्पाने महाराजांपुढे आणि दरबारापुढे आणि पंत एका बाजूस सामान्य माणसांत उभे होते त्यांचेपुढे जैसे होते तैसे सांगितले. बाई दाराशी उभी राहोन ऐकत होती आणि तिचा पदर तिचे मुठीत चुरगाळला होता. तोच पंत पुढे आले आणि म्हणाले, "महाराज, त्याने मान हलवली हे खरे. पण मी विचारले होते कोठे? मी विडा देऊन सांगितले होते." मग महाराजांनी शिक्का पंतांस परत दिला, तिमाप्पास बेडी घातली नाही, आणि आज्ञा केली की आजपासोन या राज्यात कोणताही तळ झाकण्यापूर्वी कारभाऱ्याने मुकादमास चारचौघांत विचारावे की यात खोट काय, आणि मुकादमाने एक तरी खोट सांगावी, आणि न सांगेल तोवर काम झाकू नये, आणि विडा काम सरल्यावर द्यावा, आधी देऊ नये.

मग बहीणभाऊ घराकडे निघाले. तिमाप्पाचा पाय ओढत होता. बाई रागात होती, दोन दिवस ती त्याजशी बोलली नाही. पण वाटेने ती त्याचे पावलाने चालली.

ऐसा थोरले चौकाचे तळाचा मजकूर. ती चाल अद्याप चालते, आणि मुकादम लोक खोट शोधता शोधता खरीच खोट सापडते ऐसे म्हणतात. तिमाप्पाने पुढे अकरा चौक केले. हे लिहिणाराने ऐकिले तैसे लिहिले, पदरचे घातले असेल ते वाळूइतके, दोन बोटे. खाली मुरूम आहे. लेखनसीमा.